दोघांना पुरेल एवढा दोर

ही गोष्ट खरी आहे. अगदी शपथेवर खरी. आता शपथ घेतलीच आहे तर सांगून टाकलेलं बरं, की विहीर खरी, दोर खरा आणि राजाही खरा. कोण नेमकं काय बोललं ते मात्र थोडं इकडचं तिकडे झालं असेल. मधे बरेच जन्म गेलेत. एवढ्या जन्मांत माणूस स्वतःचं नाव विसरतो, दुसऱ्याचं बोलणं काय लक्षात ठेवणार.

तर पूर्वी सुमेखला नावाच्या नगरीत विकल्पसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने तिथल्याच नदीकाठच्या एका आळीत जन्म घेतला होता. आळी साधी. एका अंगाला परटांची घरं, दुसऱ्या अंगाला दोर वळणाऱ्यांची. या दोर वळणाऱ्यांत मुंजक नावाचा एक माणूस होता. उंचीने बेताचा, बोलायला कमी, आणि हात असे की त्याच्याशी हात मिळवला की आपला सोलून निघावा. नगरीतल्या निम्म्या विहिरींवर त्याचेच दोर होते.

राजा विकल्पसेन वाईट नव्हता. त्याने कुणाला लुबाडलं नाही, कुणावर स्वारी केली नाही. त्याला एकच खोड होती. त्याला पेच आवडायचे. घराला आग लागलीय, आत म्हातारा बाप आणि तान्हं बाळ आहे, कुणाला बाहेर काढशील? नाव बुडतेय, एकाला ढकललं तर नऊ वाचतात, ढकलशील? वाघ भुकेला आहे, समोर एक साधू आहे आणि एक चोर आहे, वाघाला वाट कुठली दाखवशील? मरण नेहमी तिसऱ्याचं, निवड समोरच्याची, आणि राजा लोडाला टेकून पान खातोय.

दर पौर्णिमेला यासाठी सभा भरायची. पुरोहित कपिंजल पेच मांडायचा, घराघरातला कर्ता पुरुष उभा राहून उत्तर द्यायचा आणि लेखनिक ते ताडपत्रावर कोरायचा. एकदा पान कोरलं की ते वचन झालं. खरोखर तशी वेळ आली तर पानावर असेल तसंच वागायचं, नाहीतर देशाबाहेर. पण खरोखर तशी वेळ आजवर कुणावरच आली नव्हती, त्यामुळे उत्तरं सगळे बेधडक द्यायचे. एका सोनाराने तर आतापर्यंत आपल्या घरातली अकरा माणसं बुडवली, जाळली आणि वाघाला दिली होती. एरवी माणूस मायाळू.

त्या वर्षी चैत्राच्या पौर्णिमेला कपिंजलाने नवा पेच आणला.

"विहिरीत तुझा राजा पडलाय आणि तुझी बायकोही पडलीय. तुझ्या हातात दोर आहे. पण तो एकाचंच वजन पेलतो. कुणाला काढशील?"

बायका समोरच बसल्या होत्या. राजाही समोरच बसला होता. पहिला माणूस उठला आणि म्हणाला, "राजाला." दुसरा म्हणाला, "राजाला." सोनार म्हणाला, "राजाला, राजाला आणि पुन्हा राजाला," आणि बायकोकडे न बघता खाली बसला.

नगरी मोठी असल्याने सभा दोन दिवस चालली. पहिल्या दिवशी ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल पेटली नाही. बायका भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त उंबऱ्यात बसून राहिल्या. एकीने नवऱ्याला सांगितलं, "राजाला काढलंत ना? मग जेवायला तिकडेच जा." दुसऱ्या दिवशी मुंजकाची पाळी आली तेव्हा सभेतले निम्मे पुरुष लाह्यांवर होते.

मुंजक उभा राहिला. त्याची बायको उत्पला तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. कपिंजलाने पेच म्हणून दाखवला. मुंजक बोटांनी काहीतरी मोजू लागला. सगळ्यांना वाटलं, ऐकू आलं नाही.

"विहीर किती खोल आहे?" त्याने विचारलं.

"खोल आहे," कपिंजल म्हणाला.

"दोर किती पेडांचा?"

"तो प्रश्नच नाही."

"वाख कुठला वापरलाय? भिजवून घेतला होता का?"

राजा लोडावरून पुढे सरकला. "अरे बाबा, ही विहीर कल्पनेतली आहे."

"मग महाराज, दोरही कल्पनेतलाच घ्या की. दोघांना पुरेल एवढा."

सभेत कुणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच गप्प झालं. कपिंजलाच्या कपाळावर आठ्या पडल्या. "दोर एकाचाच! तोच तर पेच आहे. राजा की बायको, एक शब्द बोल आणि खाली बस."

एक शब्द. मुंजकाच्या जिभेवर तो आलासुद्धा होता. राजा म्हणायला काय जातंय? विहीर नाही, पाणी नाही, उत्पला तर चांगली कोरडी बसलीय. पण त्याने डोळे मिटले आणि त्याला विहीर खरंच दिसली. काठावरून वाकून बघणारा स्वतः दिसला, खालून वर बघणारी ती दिसली, आणि आपलाच हात दुसरीकडे वळताना दिसला. हात एवढ्या सहज वळला की त्याला घाम फुटला.

"मी निवडणार नाही," तो म्हणाला.

"का?" राजाने विचारलं. राग नव्हता अजून. खरंच जाणून घ्यायचं होतं.

"महाराज, दोर वळताना मी तो मनात कधी तुटू देत नाही. एकदा का मनात तुटला, की पीळ सैल पडतो. हेही तसंच. आज बसल्याबसल्या एकाला सोडलं, तर हाताला सोडायची सवय लागेल. ज्या दोराने एकच माणूस निघतो तो दोर चुकलाय. माणसं नाही चुकली."

आता मात्र राजाला राग आला. इतक्या वर्षांत पेचालाच कुणी चुकीचं ठरवलं नव्हतं.

"तीन दिवस देतो," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी सकाळी सभा राजविहिरीवर भरेल. विहीर डोळ्यांसमोर असली म्हणजे तुला सुचेल. उत्तर दे, नाहीतर विहिरीत तू जाशील."

"दोराशिवाय," कपिंजलाने जोडलं.

लेखनिकाने पान वर धरून विचारलं, "महाराज, 'उत्तर द्यावं की मरावं' हा वेगळा पेच म्हणून कोरू का?"

घरी जाताना उत्पला नदीपर्यंत झपाझप पुढे चालली. मग एकदम थांबली.

"राजा म्हणून मोकळं व्हायचं होतं ना! मी काय खरंच पडले होते विहिरीत?"

"पडली असतीस तर?"

"मी पडतेय कशाला? आणि पडले तरी मी नावाड्याची लेक आहे. तुमच्या दोराची वाट बघत बसणार आहे का मी?"

"राजाला पोहता येतं का पण?"

"त्याला लोडावरून उठता येत नाही."

मुंजक हसला. मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की हा माणूस हसतोय, पण हलणार नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. हा चेहरा तिने दोनदाच पाहिला होता आणि दोन्ही वेळा तिचाच विलाज चालला नव्हता.

"तीन दिवसांनी मारतील तुम्हाला," ती हळू म्हणाली.

"तीन दिवस आहेत ना पण."

"तीन दिवसांत काय करणार?"

"मला काय येतं?" मुंजक म्हणाला. "दोर वळणार."

त्याच संध्याकाळी त्याने घरातला सगळा वाख, दोराचे ते चिवट धागे, बाहेर काढला, शेजारच्यांकडून मागून आणला, आणि आळीच्या या टोकाला पीळ द्यायचा आकडा रोवला. आकडा फिरवायला उत्पला बसली. मुंजक वाख सोडत मागे मागे चालू लागला, आणि चालता चालता पार परटांच्या दारापर्यंत गेला. नेहमीचा विहिरीचा दोर तिपेडी असतो. त्याने सहा पेड धरले.

लोक बघायला आले. मदतीला नाही, बघायला. सुमेखलेच्या लोकांना काम दिसलं की पेच सुचायचा, हात पुढे होत नसे. पहिला आला तो परीट सुमुख.

"काय रे मुंजका, समज, दोर ओला होऊन आकसला तर?"

मुंजकाने मान डोलावली. "बरी आठवण केलीस." आणि वळलेला भाग त्याने नदीत भिजवून, ताणून, पुन्हा वाळवला.

"समज, विहिरीच्या काठावर घासून झिजला तर?" दुसऱ्याने विचारलं.

मुंजकाने जिथे काठ लागेल तिथे कातडं गुंडाळलं.

"समज, दोर राहिला आणि ओढणारेच कमी पडले तर?" सोनाराने विचारलं. तो रिकाम्या पोटी आला होता, म्हणून जरा खवचट झाला होता.

यावर मुंजक अर्धा दिवस विचार करत होता. मग त्याने दोराचं वरचं टोक उकलून त्याच्या दहा शेपट्या केल्या. प्रत्येक शेपटीला चार माणसं लागतील अशा.

"आणि समज," सोनार म्हणाला, "एवढं करूनही राजाने तुला विहिरीत ढकललं तर?"

उत्पलाने आकडा फिरवायचा थांबवला. मुंजक म्हणाला, "त्याला माझ्याकडे काही नाही. फिरव गं."

दुसऱ्या दिवशी त्याच्या तळव्यांची कातडी गेली. तिसऱ्या दिवशी त्याने तळव्यांना फडकी बांधली आणि काम तसंच चालू ठेवलं. सुमुखाचं गाढव तेवढं बाजूला उभं राहून वाखाचा कचरा चघळत असायचं. त्या तीन दिवसांत आळीत प्रश्न न विचारणारा तेवढा एकच प्राणी होता.

चौथ्या दिवशी सकाळी दोर तयार झाला, पण तो इतका जड होता की दोघांना उचलेना. सुमुख म्हणाला, "गाढव घेऊन जा. परत मात्र आणा." त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच पेच नव्हता.

राजविहीर नगरीबाहेर होती. जुनी, खोल, आत पायऱ्या नसलेली. राजाला विहिरीचा तळ बघत पेच ऐकायचा होता, म्हणून कपिंजलाने विहिरीच्या तोंडावर फळ्या टाकून त्यांवर सिंहासन ठेवलं होतं. फळ्या किती जाड असाव्यात यावर दोन दिवस चर्चा झाली होती आणि ती चर्चा अजून संपली नव्हती. पण सभेची वेळ झाल्यामुळे राजा बसला होता.

सगळी नगरी जमली होती. मुंजक गाढव घेऊन थेट फळ्यांपाशी आला.

"उत्तर आणलंस?" राजाने विचारलं.

"आणलंय, महाराज." त्याने गाढवाच्या पाठीवरून दोर खाली ओढला. "हे."

राजाने दोराकडे बघितलं. कपिंजलाने दोराकडे बघितलं. "हा दोर पेचात बसत नाही!" कपिंजल ओरडला. "पेचातला दोर एकाचा होता!"

"तो दोर मी वळलेला नव्हता," मुंजक म्हणाला. "हा वळलाय. यात दोघं येतात. तिघंही येतील. मी निवडणार नाही, महाराज. ढकलायचं असेल तर ढकला. पण मग याच दोराने कुणीतरी मला काढेल, एवढं सांगून ठेवतो."

राजा संतापून उभा राहिला.

आता, पाठीवरचं ओझं उतरलं की गाढव काय करतं ते परटाला माहीत असतं. राजाला नसतं. गाढव लोळतं. कुठे लोळावं याचा ते फारसा विचार करत नाही. सुमुखाच्या गाढवाने फळ्यांवर चारही पाय वर केले, एकदा या अंगावर झालं, एकदा त्या अंगावर झालं, आणि तिसऱ्यांदा वळलं तेव्हा फळी काडकन मोडली. सिंहासन, राजा आणि गाढव एकदमच खाली गेले.

पाण्याचा आवाज बऱ्याच वेळाने वर आला. विहीर तेवढी खोल होती.

सगळी नगरी काठावर वाकली. सिंहासन बुडालं होतं. गाढव पोहत होतं. राजाला पोहता येत नव्हतं, म्हणून त्याने गाढवाच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली होती.

मुंजक दोराकडे धावला, तेवढ्यात कपिंजलाने दोन्ही हात वर केले. "थांबा! आधी प्रश्न नीट मांडू या. विहिरीत राजा पडलाय आणि गाढव पडलंय..."

लेखनिक पानं चाळायला लागला. "राजा की गाढव... राजा की हत्ती आहे, गाढव की ब्राह्मण आहे... राजा की गाढव असं पान नाही."

"मग मत घ्यावं लागेल," कपिंजल म्हणाला, आणि विहिरीत वाकून ओरडला, "महाराज! आपलं काय मत?"

"वर काढ!" खालून आवाज आला.

"कुणाला, महाराज?"

मुंजकाने त्याला बाजूला ढकललं. पुरोहिताला ढकलण्याची त्या नगरीतली ती पहिलीच वेळ. त्याने विहिरीकाठच्या उंबराच्या खोडाला दोराचा वेढा दिला आणि दुसरं टोक विहिरीत सोडलं. "महाराज, दोर धरा!"

"हात सुटत नाहीत!" राजा ओरडला. भीतीने त्याच्या बोटांना कुलूप लागलं होतं.

"गाढव सोडा, महाराज!" कपिंजल म्हणाला.

"नाही सोडणार!"

खाली जाऊन कुणीतरी दोर बांधायला हवा होता. वर वेढा कुणीतरी सांभाळायला हवा होता, आणि ते काम मुंजकाशिवाय कुणाला येत नव्हतं. मुंजकाने उत्पलाकडे बघितलं. तिने पदर खोचला होता. "वेढा घट्ट धरा," ती म्हणाली आणि दोराला धरून सरसर खाली उतरली.

तेव्हा लेखनिक आनंदाने ओरडला, "सापडलं! पान सापडलं! विहिरीत राजा आणि बायको!"

सगळे पुरुष दोरापासून एक पाऊल मागे सरले. प्रत्येकाच्या नावाचं पान त्या गठ्ठ्यात होतं. प्रत्येकाने एकालाच ओढायचं वचन दिलं होतं. कुणाचा हात दोराकडे जाईना. सोनाराने तर दोन्ही हात पाठीमागे नेले. सगळे मुंजकाच्या तोंडाकडे बघत राहिले, आता हा कुणाचं नाव घेतो म्हणून.

खाली उत्पलाने दोर गाढवाच्या पोटाखालून घेतला, राजाच्या कमरेभोवती फिरवला, गाठ मारली, आणि उरलेल्या टोकाला स्वतः लटकली. मग तिचा आवाज वर आला.

"अहो, ओढताय का निवडताय?"

"ओढा!" मुंजक ओरडला.

पहिल्यांदा शेपट्या धरल्या त्या बायकांनी. चार दिवस चूल न पेटवलेल्या, उंबऱ्यात बसून राहिलेल्या बायका. सोनाराच्या बायकोने पहिली शेपटी धरली आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं. सोनाराने हात पुढे आणले. मग परीट आले, मग सगळेच आले, दहाही शेपट्या भरल्या. दोर ताणला. फडक्यांतून मुंजकाचं रक्त वेढ्यावर उतरलं. मधेच सहातला एक पेड फाटकन तुटला आणि सगळी नगरी एकदम श्वास घ्यायची थांबली.

"पाच आहेत अजून," मुंजक म्हणाला. "ओढा."

आधी गाढवाचे कान वर आले. मग राजाचा मुकुट नसलेला माथा. मग दोघांच्या खाली लोंबकळणारी उत्पला, गाढवाला काहीतरी समजावत. तिघंही काठावर पडली. राजाची मिठी सोडवायला चार माणसं लागली.

राजा कुडकुडत बसला होता. कुणीतरी म्हणालं, शेक द्यायला हवा. काटक्यांची आग पेटली, पण ती टिकवायला सुकी लाकडं जवळ नव्हती. ताडपत्रं होती. लेखनिक गठ्ठा घेऊन पुढे आला आणि विचारू लागला, "महाराज, आधी कुणाची पानं..."

राजाने त्याच्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य आलंच नाही. राजाने स्वतःच सगळा गठ्ठा उचलला आणि आगीत टाकला. मग मुंजकाकडे वळला.

"राज्यात विहिरी किती आहेत?"

"बऱ्याच, महाराज."

"प्रत्येक विहिरीवर असा दोर पाहिजे. शिकवशील लोकांना?"

"शिकवेन," मुंजक म्हणाला. "पण पहिल्यांदा यांना जेवायला घाला. उपाशी माणसाचा पीळ बसत नाही."

त्यानंतर सुमेखलेत पौर्णिमेची सभा भरायची, पण ती वाख भिजवायला. कपिंजल आकडा फिरवायचा. प्रश्न तोही विचारायचा, सगळेच विचारायचे, आणि प्रत्येक प्रश्नाला दोरात एक पेड वाढायचा.

इथवर गोष्ट विहारात भिक्षूंना सांगून शास्त्यांनी, म्हणजे शेवटच्या जन्मातल्या त्याच बोधिसत्त्वाने, मागच्या जन्मीची नाती जुळवून दाखवली. "तेव्हाचा राजा विकल्पसेन म्हणजे हा खांबाला टेकून बसलेला भिक्षू. विहाराला आग लागली तर आधी कुणाला वाचवाल, हे तो सकाळपासून प्रत्येकाला विचारतोय. कपिंजल म्हणजे त्याला 'प्रश्न नीट मांड' सांगणारा त्याचा मित्र. उत्पला म्हणजे पलीकडच्या विहारातली ती थोरली भिक्षुणी, ती थेरी, जी गेल्या पुरात न सांगता पाण्यात उतरली. आणि मुंजक म्हणजे कोपऱ्यात तुमची फाटकी चिवरं शिवत बसलेला हा थेर. त्याने हे सगळं ऐकलंय, पण सुई खाली ठेवलेली नाही."

भिक्षू एकमेकांकडे बघू लागले. दोर वळणारा म्हणजे स्वतः शास्ते, असंच सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

"मग भन्ते," एकाने विचारलं, "आपण कोण होतात?"

"गाढव," शास्ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. एक जण हसणार होता, त्याने खोकून घेतलं.

"राजाने मान आवळली होती," शास्ते शांतपणे म्हणाले. "श्वास कोंडत होता. एक झटका दिला असता तर मान मोकळी झाली असती. पण मी एवढंच ठरवलं होतं, की पाय थांबवायचे नाहीत आणि मान झटकायची नाही. वर मुंजकाने ठरवलं, खाली मी ठरवलं. ठरवलेल्यापासून असं न ढळणं, भिक्षूंनो, याला अधिष्ठान म्हणतात. बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायचा हा गुण, ही पारमिता, मी त्या जन्मी विहिरीत पूर्ण केली."

तर अशी गोष्ट. आता ऐकून झालं म्हणून हळूच उठायचं नाही. सांगणाऱ्याचं तोंड कोरडं पडलंय, काढा काय असेल ते. गूळ द्यावा की फुटाणे, असा विचार करत बसू नका. दोन्ही द्या.